चौघी निघाल्या माळढोक बघायला

‘पक्षीच बघायचे तर शिवडीला जा की, फ्लेमिंगो येतात तिथे,’ हे चौघींच्याही घरी ऐकून झालं. पण आमचं ठरलंच होतं. मी गिरगावची, दोघी दादरच्या, एक लालबागची. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. घरच्यांना चार दिवसांचा डबा सांगून ठेवला आणि गाडी धरली. आधी जोधपूर, मग जैसलमेर.

तसा माळढोक आपलाच. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. आता तिथे तो दिसलाच तर पेपरात बातमी येते. देशात जेमतेम दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरकडे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात आणि तो राजस्थानचा राज्यपक्षी आहे. खरं तर तो देशाचा राष्ट्रीय पक्षी व्हावा, असं डॉ. सालिम अलींना वाटत होतं. १९६३ साली तो मान मोराला मिळाला. (हे सालिम अली आमच्या गिरगावातल्या खेतवाडीत वाढले. आमच्या वाडीत सांगितलं तर कुणाला पटत नाही!)

वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या, हे सिनेमातलं. डेझर्ट नॅशनल पार्कात गवताळ माळच जास्त. मधेच एखादं खेजडीचं झाड. खेजडी म्हणजे आपली शमी बरं का! वाटाड्याने आधीच बजावलं होतं, लाल-पिवळं काही घालायचं नाही. मग मातकट ड्रेस, वर शाल, कानाला मफलर, अशा आम्ही पहाटे कुडकुडत जीपमध्ये.

चंडोल दिसले, गिधाडं दिसली. मग सुदासरीच्या कुंपणापलीकडे गवतात एक पांढरी काठी हलली. दुर्बीण लावली तर ती मान! वर काळी टोपी. मीटरभर उंचीची मादी, चार पावलं टाकायची, थांबायची, बघायची. ‘अगं, ही तर आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंसारखी चालते,’ लालबागची कुजबुजली.

ही मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. उबवणं, पिल्लू वाढवणं, सगळं एकटीनं. नर फिरकत नाही. कोल्हे-कुत्री टपलेलीच असतात. यावर आमच्यात जे बोलणं झालं ते इथे छापण्यासारखं नाही.

परतताना मात्र जीपमध्ये कुणी बोलेना. दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि विजेच्या तारा. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंगही जड. तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं होतं, २०२४ मध्ये तो आदेश सैल झाला. सौर आणि वाऱ्याची वीजही हवीच ना, हा युक्तिवाद मला कळतो. पण पक्षी शंभर-दीडशे उरलेत, हेही कळतं. त्यातल्या त्यात बरं म्हणजे, २०१९ पासून सम इथे अंडी यंत्रात उबवून पिल्लं वाढवतात. २०२४ मध्ये तर कृत्रिम रेतनातूनही एक पिल्लू जन्मलं.

आता डिसेंबरात नान्नज. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर. माळढोक नाही दिसला तरी काळविटं दिसतात म्हणे. यंदा लालबागच्या मैत्रिणीची सूनही येतेय, रजा टाकून.