बीआरसीए जनुक चाचणी
बीआरसीए जनुक चाचणी ही स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका शोधणारी, रक्त किंवा लाळेच्या नमुन्यावर केली जाणारी चाचणी आहे. बीआरसीए-१ व बीआरसीए-२ ही जनुके अनुक्रमे १७व्या व १३व्या गुणसूत्रावर असून डीएनएच्या दुरुस्तीस साहाय्य करतात. त्यांतील घातक उत्परिवर्तन प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता ५० टक्के असते. ते वडिलांकडूनही येऊ शकते. कुटुंबाचा इतिहास सांगताना नेमकी हीच बाजू अनेकदा राहून जाते.

स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आनुवंशिक असल्याने ही चाचणी सरसकट केली जात नाही. शक्यतो कर्करोग झालेल्या नातेवाइकाची चाचणी आधी करतात. तिच्यात उत्परिवर्तन आढळले असेल, तरच निरोगी बहिणीचा वा मुलीचा नकारात्मक निकाल खरा दिलासा ठरतो. एरवी त्यातून फारसा बोध होत नाही. ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असाही निकाल येतो, परंतु केवळ त्याआधारे शस्त्रक्रिया करणे योग्य मानले जात नाही.

घातक उत्परिवर्तन असलेल्या स्त्रीस वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७० टक्के असते. अशा स्त्रीपुढे नियमित एमआरआय तपासणी किंवा प्रतिबंधक शस्त्रक्रिया हे पर्याय असतात. अभिनेत्री अँजेलिना जोली हिने अशी शस्त्रक्रिया केल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. निकालाचा परिणाम भावंडांवरही होत असल्याने चाचणीपूर्वी जनुकीय समुपदेशन आवश्यक समजले जाते. त्यानंतर चाचणी न करण्याचा निर्णयही ग्राह्य असतो.