विश्लेषण : पूलमध्ये सोपे फटकेही हुकू लागले, तर काय करावे?

नोकरी सांभाळून संध्याकाळी पूल खेळणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. महिनाभर हात छान बसलेला असतो आणि एकाएकी सोपे चेंडूही पॉकेटमध्ये जाईनासे होतात. अनेक जण याच टप्प्यावर खेळ सोडतात.

नेमके काय बिघडते?

पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटरचा, तर कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड साधारण दोन चेंडूंएवढे. त्यामुळे लांबच्या फटक्यात क्यू किंचित तिरकी गेली तरी चेंडू कुशनवर आदळतो. फटका पूर्ण होण्याआधी डोके उचलणे आणि क्यू आवळून धरणे या नेहमीच्या चुका.

चूक वाढते कशी?

एरवी हात सवयीने चालतो. चार फटके हुकले की खेळाडू कोपर, मनगट, पाय अशा सगळ्यांवर लक्ष ठेवतो आणि लय मोडते. त्यात क्यूही बदलली, तर मूळ दोष सापडतच नाही.

तपासावे कसे?

टेबलावर फक्त पांढरा चेंडू ठेवून तो समोरच्या कुशनवर सरळ मारावा. परतून क्यूच्या टोकाशी आला, तर फटका सरळ आहे. बाजूला गेला, तर फटका मध्यावर बसत नाही किंवा क्यूची दिशा चुकते. दहापैकी किती सरळ आले, ते लिहून ठेवावे. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा.

विश्रांती घ्यावी का?

दमणूक असेल तर चार दिवस जरूर घ्यावी. हरलेली पैज भरून काढण्यासाठी मात्र खेळू नये. बहरातला महिना हीच आपली खरी पातळी, असेही मानू नये. ती कळते वर्षभराच्या खेळावरून.