माहिती चौकट : दुकानातील माल आणि स्प्रिंकलरची वर्गवारी

मानक : अमेरिकेतील 'एनएफपीए १३' (आग विझवणाऱ्या स्प्रिंकलरचे मानक). पहिली आवृत्ती १८९६.

काय तपासतात : वस्तू, वेष्टन आणि खालचे पॅलेट, तिन्ही एकत्र.

मालाचे वर्ग (आगीचा धोका चढत्या क्रमाने)
- वर्ग १ : न जळणारी वस्तू; लाकडी पॅलेटवर किंवा एकपदरी खोक्यात. उदा. डबाबंद अन्न.
- वर्ग २ : तशीच वस्तू, पण लाकडी पेटीत किंवा बहुपदरी खोक्यात.
- वर्ग ३ : लाकूड, कागद, सुती कापड. उदा. पुस्तके.
- वर्ग ४ : 'ब' गटाचे प्लॅस्टिक किंवा 'अ' गटाच्या प्लॅस्टिकचा मर्यादित अंश असलेला माल.
- 'अ' गटाचे प्लॅस्टिक : पॉलिथिलीन, पॉलिप्रॉपिलीन, पॉलिस्टायरीन. धोका सर्वाधिक.

प्लॅस्टिकमधील फरक
- फुगवलेले (थर्माकोल, फोम) की भरीव.
- खोक्यात की उघडे.
- 'ब' गट : नायलॉन. 'क' गट : मेलामाइन, गणना वर्ग ३ मध्ये.

पॅलेट : वर्गवारी लाकडी किंवा धातूचे पॅलेट धरून. साधे प्लॅस्टिकचे पॅलेट असल्यास वर्ग १ ते ४ मधील माल एक वर्ग वर. मजबुती दिलेले असल्यास दोन वर्ग वर.

मिश्र माल : सामान्यतः सर्वाधिक धोक्याच्या वस्तूचा वर्ग लागू, थोडे अपवाद.

उंची : वर्ग १ ते ४ चा माल ३.७ मीटरपेक्षा, तर 'अ' गटाचे प्लॅस्टिक १.५ मीटरपेक्षा उंच रचल्यास 'उंच साठा'.

मोकळी जागा : माल आणि स्प्रिंकलरच्या पाणी पसरवणाऱ्या चकतीमध्ये किमान ४५७ मिलिमीटर, साठवणीसाठीच्या खास स्प्रिंकलरखाली ९१४ मिलिमीटर.