बाळ घरी आलं. आशाताई किती वेळा येणार?

प्रसूती दवाखान्यात झाली तरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी आशाताईने घरी यायचं असतं. घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीही. ही पद्धत मूळची गडचिरोलीची. डॉ. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ने १९९५मध्ये ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची देखभाल शिकवली, दाईंनाही सोबत घेतलं. हजारी ६२ नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी सुमारे २५वर आले. २०११पासून ती देशभर आली.

आशाताई वजन, ताप, श्वास बघते. दृष्ट लागेल म्हणून बाळ झाकून ठेवू नका, दाखवा. दूध ओढेनासं झालं, अंग गार पडलं किंवा श्वास घेताना छाती आत जाऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न बघता १०२ला फोन करा.