राजरोस सोंग, रोख मदत

पुरुषाने भरजरी झगा, केसांचा भला थोरला टोप आणि लांबच लांब पापण्या लावून रंगमंचावर यावे, येताक्षणीच पहिल्या रांगेची यथेच्छ टवाळी आरंभावी, त्या टवाळीच्या भरात एखाद्याची नोट मागून घेऊन ती नाहीशी करावी व अखंड लिंबू चिरून त्यातून काढून द्यावी, आणि खेळाअखेर जमलेली रक्कम घरातून बेदखल झालेल्या मुलांच्या निवाऱ्याकडे पोचती करावी, असे प्रयोग अमेरिकेतील लहानमोठ्या शहरांत अधूनमधून लागत असतात. वेषांतराच्या या कलेला तिकडे ‘ड्रॅग’ म्हणतात. आणि ज्यांच्यासाठी झोळी फिरते ती मुले म्हणजे एलजीबीटीक्यू या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा समलिंगी, उभयलिंगी आणि पारलिंगी तरुणवर्ग.

विनोद, जादू आणि स्त्रीवेष यांची ही मोट सकृद्दर्शनी विजोड वाटते खरी. परंतु तिघांचेही भांडवल एकच आहे, ते म्हणजे प्रेक्षकाची राजीखुशीची संमती. जादूगार आपल्याला फसवणार हे पक्के ठाऊक असूनच आपण तिकीट काढतो, आणि समोरची सम्राज्ञी पुरुष आहे हे तर जाहिरातीतच छापलेले असते. तंत्राचेही तसेच. प्रेक्षकाची नजर हवी तिकडे वळवावी आणि नको तिथून काढून घ्यावी, हे जादूचे मर्म. वेषधारी नटही आपल्या खऱ्या भिवयांवर शाळकरी मुले वापरतात तसली गोंदाची कांडी फिरवून त्या चापून बसवतो, वर रंगाचे व पावडरीचे थर देतो आणि बोटभर उंचीवर नवी, कमानदार भिवई रेखतो, म्हणजे जुनीकडे कोणाचे लक्षच जात नाही. अडचण येते ती नखांची. लांब कृत्रिम नखे लावलेल्या हाताला पत्ता तळव्यात दडवणे जड जाते. मुरलेला कलावंत मात्र त्या अडचणीचाच विनोद करतो, आणि जादूगाराच्या काळ्या कोटातील चोरखिशांची उणीव घेरदार झग्याच्या चुण्यांतून भरून काढतो. जानेवारी १९२१ मध्ये लंडनला पी. टी. सेल्बिट याने पेटीत निजवलेल्या बाईचे करवतीने दोन भाग करण्याचा खेळ लोकांपुढे आणला, आणि तेव्हापासून पेटीत निजणे हे बहुधा बाईच्याच वाट्याला आले. ड्रॅगच्या रंगमंचावर करवत ‘बाईसाहेबां’च्या हाती देऊन प्रेक्षकांतल्या एखाद्या धिप्पाड गृहस्थाला पेटीत आडवे करता येते. त्या हशात थोडी जुनी वसुलीही असावी.

सोंग राजरोस असणे आणि फसवणूक करणे यांतला हा भेद एके काळी थेट फौजदारीच्या कक्षेत येत असे. विरुद्धलिंगी वेष करून सार्वजनिक ठिकाणी फिरण्यास सॅन फ्रान्सिस्को शहरात १८६३ पासून मनाई होती, आणि हॅलोवीनच्या सणाला मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊन बाराचे ठोके पडताच पोलिसांनी धरपकड करावी, असा रिवाज पडला होता. त्याच शहरात माँटगोमेरी रस्त्यावरील ‘ब्लॅक कॅट’ नावाच्या गुत्त्यात होजे सारिया हा गायक, जो दुसऱ्या महायुद्धात सैन्यात चाकरी करून आला होता, स्त्रीवेषात ऑपेरांची विडंबने करीत असे. त्याने काळ्या मांजराच्या मुखवट्याच्या आकाराच्या चिठ्ठ्या कातरल्या, त्यांवर ‘मी मुलगा आहे’ असे लिहिले, आणि त्या आपल्या मंडळींना वाटल्या. इसम स्वतःच लेखी जबानी अंगावर वागवीत असता त्याचा फसवणुकीचा हेतू शाबीत कसा करणार? १९६१ मध्ये याच सारियाने नगरमंडळाच्या निवडणुकीत उघडपणे समलिंगी म्हणून उमेदवारी केली आणि पाच हजारांहून अधिक मते मिळवली. जागा मिळाली नाही, पण असे मतदार आहेत हे सरकारदरबारी नोंदले गेले. पुढे त्याने स्वतःला सम्राज्ञी, आणि तीही नॉर्टन बादशहाची विधवा, म्हणून जाहीर केले. हा नॉर्टन म्हणजे १८५९ मध्ये त्याच शहरात स्वतःला अमेरिकेचा सम्राट म्हणवून घेणारा एक विक्षिप्त गृहस्थ. या थट्टेतून १९६५ मध्ये जो ‘दरबार’ उभा राहिला, त्याच्या शाखा आज अमेरिका, कॅनडा व मेक्सिकोत असून, दरसाल नवे सम्राट-सम्राज्ञी निवडून धर्मादाय कामांसाठी पैसा उभा करणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय आहे.

पैसा लागतो तो कशासाठी, हे अमेरिकेच्या सुबत्तेकडे पाहून चटकन ध्यानात येत नाही. बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थांची विल्यम्स इन्स्टिट्यूटने पाहणी केली, तिचा अहवाल २०१२ मध्ये निघाला. त्यानुसार या संस्थांकडे येणाऱ्या तरुणांत शेकडा ४० एलजीबीटीक्यू वर्गातले होते, आणि त्यांच्या बेघर होण्याचे एक ठळक कारण घरच्यांनी केलेला अव्हेर हेच होते. रस्त्यावर राहणारा अ‍ॅली फोर्नी हा तरुण १९९७ मध्ये न्यू यॉर्कच्या हार्लेम भागात मारला गेला, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता. त्याच्या नावाने २००२ मध्ये एका चर्चमध्ये सहा खाटा टाकून निवारा सुरू झाला. विनोदी भूमिकांसाठी घरोघर ठाऊक असलेल्या बी आर्थर या अभिनेत्रीने २००५ मध्ये त्या निवाऱ्यासाठी आपला एकपात्री प्रयोग केला, आणि २००९ मध्ये तिच्या पश्चात मृत्युपत्र उघडले तेव्हा त्यात संस्थेच्या नावे तीन लाख डॉलर निघाले. ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ ही आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्या मुलांसाठी १९९८ मध्ये स्थापन झालेली दूरध्वनी-सेवा तर एकपात्री प्रयोगातील एका पात्रापासूनच जन्मली: जेम्स लेसेन यांनी रंगवलेल्या ट्रेव्हर या किशोरावर लघुपट निघाला, त्याला ऑस्कर मिळाले, आणि तो दूरचित्रवाणीवर दाखवण्याचे ठरले तेव्हा, तो पाहून व्याकूळ होणाऱ्या मुलाने रात्री बोलावे कोणाशी, असा प्रश्न कर्त्यांना पडला.

मदतीचा खेळ ही चाल मराठी माणसाला नवी नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव भोसले धैर्यधर होते, आणि भामिनी होते बालगंधर्व. अर्थात दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल. बालगंधर्वांची भामिनी प्रेक्षकाला पुरुषाचा विसर पाडण्यासाठी होती. ड्रॅगमधली सम्राज्ञी हा विसर पडू देत नाही, मुद्दाम अतिशयोक्ती करते, आणि हशा त्या फटीतूनच निघतो. हशाचीही गरज आहे, कारण जी मुले घरी सक्तीने सोंग वठवीत राहतात, त्यांनी खुशीने घेतलेले सोंग पाहण्यात निव्वळ करमणुकीपलीकडचा दिलासा असतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ सज्ञानांच्या परस्परसंमतीने घडलेल्या संबंधांपुरते निष्प्रभ केले; पण बापाने लावलेली कडी न्यायालयाच्या हुकुमाने निघत नाही, आणि तशा मुलांसाठी आपल्या नाट्यसंस्थांनीही एखादा प्रयोग लावण्यास हरकत नसावी. तोवर, मुलाबाळांकडे अमेरिकेस जाणाऱ्या वाचकांना अशा खेळाची जाहिरात आढळल्यास त्यांनी निःसंकोच तिकीट काढावे, चेष्टा सोसत नसेल तर पहिली रांग टाळावी, आणि एकेका डॉलरच्या सुट्या नोटा जवळ बाळगाव्यात; कारण तिकिटाखेरीज गाण्यागणिक कलावंताच्या हाती नोट देण्याची तिकडे रीत आहे, आणि मदतीच्या खेळात ती नोटही निधीतच जमा होते.