शौर्यपदक आणि लोकस्मृती : मेजर परमेश्वरन यांच्या निमित्ताने

चेन्नईतील गिंडी परिसराला लागूनच सेंट थॉमस माउंट येथे भारतीय लष्कराची अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी आहे. प्रशिक्षण पूर्ण केलेले छात्र येथे दीक्षांत संचलन करतात. ते ज्या मैदानावर होते, त्याचे नाव आहे ‘परमेश्वरन ड्रिल स्क्वेअर’. प्रबोधिनीत येणाऱ्या प्रत्येक छात्राला हे नाव ठाऊक असते. भिंतीपलीकडील नागरिकांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा जन्म मुंबईचा; त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्रालाही विचारता येतो.

शौर्यगाथा

परमेश्वरन यांचा जन्म १३ सप्टेंबर १९४६ रोजी झाला. त्यांचे शालेय व महाविद्यालयीन शिक्षण मुंबईतच एस.आय.ई.एस. संस्थेत झाले. १९७१ मध्ये ते चेन्नईच्या तत्कालीन अधिकारी प्रशिक्षण शाळेत दाखल झाले आणि जून १९७२ मध्ये महार रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून रुजू झाले. १९४१ मध्ये बेळगाव येथे उभारल्या गेलेल्या या रेजिमेंटशी महाराष्ट्राचे जवळचे नाते आहे.

२९ जुलै १९८७ रोजी भारत-श्रीलंका करार झाला आणि त्यानुसार भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. ऑक्टोबरमध्ये ‘ऑपरेशन पवन’ सुरू झाले आणि शांतता राखण्यासाठी गेलेल्या सैन्याला प्रत्यक्ष लढावे लागले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतणाऱ्या मेजर परमेश्वरन यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्या अतिरेक्यांनी हल्ला चढविला. मेजर परमेश्वरन यांनी प्रसंगावधान राखून अतिरेक्यांना पाठीमागून घेरले व त्यांच्यावर चाल केली. हातघाईच्या लढाईत एका अतिरेक्याने त्यांच्या छातीत गोळी झाडली. त्याचीच रायफल हिसकावून त्यांनी त्याला ठार केले. गंभीर जखमी अवस्थेतही अखेरच्या श्वासापर्यंत ते आदेश देत राहिले. या चकमकीत पाच अतिरेकी मारले गेले. तीन रायफली व दोन रॉकेट लाँचर हस्तगत झाले. या पराक्रमाबद्दल त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. शांतिसेनेच्या मोहिमेतील हे एकमेव परमवीर चक्र होय.

शौर्यपुरस्कारांची व्यवस्था

परमवीर चक्र, महावीर चक्र व वीर चक्र हे पुरस्कार २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू मानले गेले. शत्रूसमोर गाजविलेल्या पराक्रमासाठी ते दिले जातात. अशोक चक्र, कीर्ती चक्र व शौर्य चक्र हे अन्य प्रसंगींच्या शौर्यासाठी असून ते नागरिकांनाही मिळू शकतात. याच प्रबोधिनीचे माजी छात्र मेजर मुकुंद वरदराजन यांना २०१४ मध्ये काश्मीरमधील शोपियां येथे आलेल्या वीरमरणानंतर अशोक चक्र देण्यात आले. परमवीर चक्राचे आजवर २१ मानकरी आहेत. त्यांपैकी १४ जणांना हा सन्मान मरणोत्तर लाभला. या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांनी केली होती.

राज्यघटनेच्या कलम १८ नुसार राज्यसंस्थेने किताब देण्यास बंदी आहे; मात्र लष्करी व शैक्षणिक सन्मान त्यातून वगळलेले आहेत. ‘शहीद’ हा शब्द सर्वत्र वापरला जात असला, तरी संरक्षण दलांत त्याची अधिकृत व्याख्या नाही, हेही लक्षात ठेवावे.

शौर्यपदकाची शिफारस लष्करी यंत्रणेतून वर जाते आणि राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर प्रजासत्ताक दिन वा स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने पुरस्कार जाहीर होतात. शिफारशीसाठी पराक्रम कोणी तरी पाहिलेला आणि नोंदविलेला असावा लागतो. साक्षीदारही त्याच चकमकीत धारातीर्थी पडला, तर ती कथा तिथेच संपते. म्हणून पदक नसणे म्हणजे पराक्रम नसणे, असा अर्थ काढता येत नाही.

विस्मृतीची कारणे

शांतिसेनेचे ११०० हून अधिक जवान व अधिकारी श्रीलंकेत मृत्युमुखी पडले. ही लढाई परक्या भूमीवर झाली आणि तिच्या उद्दिष्टांविषयी देशात, विशेषतः तामिळनाडूत, तीव्र मतभेद होते. मार्च १९९० मध्ये अखेरच्या तुकड्या चेन्नईला परतल्या, तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री स्वागताला उपस्थित नव्हते. धोरणावरील वादाची छाया सैनिकाच्या त्यागावर पडली. आदेश पाळणारा सैनिक आणि आदेश देणारे धोरण यांतील फरक समाजाने ओळखला नाही, की असे घडते.

श्रीलंकेने कोलंबोजवळील श्री जयवर्धनेपुरा कोट्टे येथे शांतिसेनेचे स्मारक उभारले. भारताच्या पंतप्रधानांनी २०१५ मध्ये तेथे आदरांजली वाहिली. दिल्लीतील राष्ट्रीय युद्धस्मारकाचे उद्घाटन मात्र २५ फेब्रुवारी २०१९ रोजी झाले. तेथील त्यागचक्रात धारातीर्थी पडलेल्या सैनिकांची नावे कोरली आहेत, तर परमयोद्धा स्थळावर परमवीरांचे अर्धपुतळे आहेत. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली. त्यांत मेजर परमेश्वरन यांचेही नाव आहे.

स्थानिक पातळीवरील कार्य

राष्ट्रीय सन्मान झाला, तरी स्थानिक स्मृती आपोआप निर्माण होत नाही. रस्ता, चौक वा उद्यानाला नाव देण्याचा निर्णय सामान्यतः स्थानिक स्वराज्य संस्था घेते. त्यासाठी नागरिकांनी पुढाकार घ्यावा लागतो. अशा मागणीला केवळ भावनेचा आधार पुरत नाही. राजपत्रातील अधिसूचना, पलटणीच्या नोंदी, जन्म व शिक्षणाचे स्थानिक पुरावे आणि कुटुंबीयांची संमती या गोष्टी तिला बळ देतात. माहितीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी संपर्क साधता येतो. २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ अभियानात ग्रामपंचायतींमध्ये स्थानिक वीरांच्या नावांचे शिलाफलक लावण्यात आले, तर २०२१ पासूनच्या ‘वीरगाथा’ उपक्रमाने शालेय विद्यार्थ्यांना शौर्यपुरस्कार विजेत्यांची ओळख करून दिली.

फलक लावून काम संपत नाही. त्याखाली चार ओळींची अचूक माहिती नसेल, तर काही वर्षांत ते नाव केवळ पत्त्यापुरते उरते. वीराच्या स्मृतिदिनी त्याच्याच शाळेत त्याची कथा सांगितली जाणे, हा कमी खर्चाचा पण टिकाऊ सन्मान आहे. गिंडीजवळच्या कवायत मैदानावर मेजर परमेश्वरन यांचे नाव प्रत्येक तुकडीबरोबर नव्याने उच्चारले जाते. ज्या शहरात ते जन्मले व शिकले, तेथील मुलांनाही ते तितकेच परिचयाचे व्हावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.