पाना, पक्कड आणि परवाना : आझाद व्हिसाचा घोळ

या आठवड्यात कहरामाच्या, म्हणजे कतारच्या वीज-पाणी महामंडळाच्या, परवान्यांविषयी लिहायचं ठरलं होतं. ते पुढे गेलं. कारण मेसईद या कतारच्या औद्योगिक बंदरनगरीहून आलेलं एका कोकणी तारतंत्र्याचं पत्र. महाराष्ट्राच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना त्याच्यापाशी आहे, हात बसलेला आहे, आणि कामगारांच्या कॅम्पमधल्या जाणत्यांनी त्याच्या डोक्यात भरवलंय की कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, दरवर्षी ठरलेली रक्कम द्यायची, ‘आझाद व्हिसा’ घ्यायचा आणि स्वतःची कंत्राटं स्वतः घ्यायची. त्याचा प्रश्न एवढाच, की हे चालतं का?

चालतं पुष्कळ, पण कायद्यात बसत नाही.

आझाद व्हिसा नावाचा व्हिसा कतारच्या कुठल्याच कायद्यात नाही. होतं ते असं. एखाद्या फर्मला कामगार आणायची परवानगी असते. ती फर्म माणूस आणते, कागदावर त्याला हेल्पर दाखवते आणि वार्षिक पैसे घेऊन मोकळा सोडते. पण राहण्याचा परवाना त्या फर्मशी बांधलेला असतो. मंजुरीवाचून दुसऱ्याकडे काम करणं हा 2015 च्या 21 क्रमांकाच्या कायद्यानं गुन्हा आहे. उलट बाजूनं आणखी एक कायदा आहेच. कतारी माणसाच्या नावाआड परक्यानं धंदा करू नये म्हणून तो केला गेला, आणि त्यात नाव वापरणारा जसा अडकतो तसा नाव देणाराही. माणूस नोकर म्हणून आणायचा आणि मालकासारखा वागू द्यायचा, या एकाच व्यवहारात दोन कायदे मोडतात. पकडला गेला की मायदेशी रवाना कोण होतो, हे कॅम्पमधल्या जाणत्यांनाही पक्कं ठाऊक असतं. सल्ला देताना मात्र ते गाळतात.

घोटाळ्याचं मूळ गावाकडच्या अनुभवात आहे. महाराष्ट्रात तारतंत्र्याचा परवाना माणसाच्या नावावर असतो. त्याच्या वर पर्यवेक्षकाचा परवाना, आणि कंत्राटदार व्हायचं तर परवानाधारक पर्यवेक्षक, मेगरसारखी तपासणीची उपकरणं वगैरे दाखवायची. म्हणजे एकटा माणूस एकेक पायरी चढत कंत्राटदार होऊ शकतो, आणि अनेक जण झालेही आहेत. कतारमध्ये ही शिडीच नाही. एकट्याच्या मालकीची फर्म काढायची मुभा कतारी आणि आखाती सहकार्य परिषदेच्या देशांतल्या नागरिकांना. बाकीच्यांना कंपनी करावी लागते. आधी व्यापारी नाव, मग व्यापारी नोंदणी, म्हणजे ‘सीआर’. त्यात कामाचे प्रकार लिहिलेले असतात आणि जे लिहिलं नाही ते करायचं नाही. मग जागा, नोंदलेला भाडेकरार, अग्निसुरक्षेसाठी नागरी संरक्षण खात्याची संमती आणि त्या जागेवर व्यवसाय परवाना. त्यानंतर गृहखात्याचं कॉम्प्युटर कार्ड. ते हाती आल्यावरच कामगारांच्या व्हिसाची गोष्ट काढायची. विजेच्या कामासाठी कहरामाची मान्यता हवी, ती आणखी वेगळी. या साऱ्या रांगेत कारागिराचं नाव कुठे येतं? फार तर शेवटी, फर्मच्या मनुष्यबळाच्या यादीत.

मेसईदमध्ये यावर आणखी एक दार आहे. उम्म सईद या नावानं ओळखल्या जाणाऱ्या याच बंदरातून 31 डिसेंबर 1949 रोजी कतारचं तेल पहिल्यांदा जहाजावर चढलं. पुढे खतांची काफ्को, पेट्रोकेमिकलची काप्को, कतार स्टील, अलीकडची अॅल्युमिनियमची कॅटलम असे एकेक राक्षसी कारखाने आले. औद्योगिक नगरीचा कारभार कतारएनर्जीकडे आहे (2021 पर्यंत तिला कतार पेट्रोलियम म्हणत). आत शिरायला गेटपास लागतो आणि तो फर्मच्या अर्जावर निघतो. शटडाऊनच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या, दिवसांत इथे फिटर, वेल्डर, स्कॅफोल्डर यांना प्रचंड मागणी असते. तरी खिशात पाना घेऊन एकटा आलेला माणूस गेटवरूनच परत जातो.

‘पण वेल्डरचं सिक्स-जी चाचणीचं प्रमाणपत्र तर त्याचं स्वतःचं असतं ना?’ असं कुणी म्हणेल. इथे थोडं थांबायला हरकत नाही, कारण ही चाचणी पाहण्यासारखी असते. पाइप पंचेचाळीस अंशांत तिरका घट्ट बसवलेला, तो फिरवायचा नाही. वेल्डरनंच वर, बाजूला, खाली वळत सबंध जोड पुरा करायचा. एका चाचणीत सगळ्या कोनांची परीक्षा होते, म्हणून तिचा एवढा मान. मात्र आस्मेच्या, म्हणजे अमेरिकी यांत्रिक अभियंता संस्थेच्या, संहितेतल्या नवव्या विभागाचा नियम असा, की त्या पद्धतीचं वेल्डिंग सहा महिने केलं नाही तर पात्रता संपते. आणि ती पात्रता तपासून देण्याची जबाबदारी काम देणाऱ्या संस्थेची असते, त्यामुळे कंपनी बदलली की बहुधा पुन्हा टेस्ट. दहा ठिकाणी सिक्स-जी दिलेला माणूस अकराव्या ठिकाणी परत तिरक्या पाइपासमोर उभा राहतो. कसब त्याचं, कागद कंपनीचा!

आता पत्रलेखकाच्या कामाचं. कतारच्या कायद्यांतल्या 2020 च्या दुरुस्त्यांनंतर नोकरी बदलायला जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागत नाही. दोन वर्षांपर्यंत नोकरी झाली असेल तर एक महिन्याची नोटीस, त्याहून जास्त असेल तर दोन महिन्यांची. कहरामाची मान्यता असलेल्या कंत्राटदार फर्मकडे रीतसर जाणं हा त्याच्यासाठी आज सर्वांत स्वस्त मार्ग.

दुसरा मार्ग कंपनीचा. 2000 च्या कायद्यानं परकी भांडवलाला साधारणपणे 49 टक्क्यांची मर्यादा होती. 2019 च्या 1 क्रमांकाच्या कायद्यानं मंजुरी घेऊन शंभर टक्क्यांपर्यंत मालकी शक्य झाली. म्हणून चार कारागिरांनी पैसा एकत्र करून कंपनी काढली तर ती उघडपणे त्यांच्या नावावर असू शकते. खर्च मात्र जागेच्या भाड्यापासूनच सुरू होतो, काम मिळो न मिळो. पहिला मार्ग धरायचा तर पुढच्या सुट्टीत मुंबईला उतरल्यावर पत्रलेखकानं आयटीआयचा दाखला असल्यास तो आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय आणि शेवटी कतारी दूतावास या क्रमानं साक्षांकित करून आणावा. कागदावर पद हेल्पर असेल आणि नोकरी बदलताना ते इलेक्ट्रिशियन करून घ्यायचं असेल तर हा दाखला हाताशी असलेला बरा.